पेस्टलमध्ये कुमैत घोडा चिखलासारखा का दिसतो?

खडूची धूळ
मंडळी, वर्षभर सॉफ्ट पेस्टल, म्हणजे मऊ रंगखडूंची चित्रं करतेय. रँचवरचं आयुष्य हा माझा अगदी जिवाचा विषय, म्हणजे गुरं वळणारे काऊबॉय, कुंपणापाशी उडालेली माती, खोगीर उतरवल्यावर घामाने भिजलेली पाठ घेऊन उभा असलेला घोडा. माती झकास जमते, पण कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी घोड्याच्या अंगाशी आलं की घोडं तिथेच पेंड खातं! चार तपकिरी खडू फिरवते, बोटाने मिसळते आणि शेवटी चिखल. ती झळाळी येतच नाही. फिक्सेटिव्ह (खडू कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारलं तर अजून काळवंडलं. कागद साधा कार्ट्रिज, म्हणजे नेहमीचा चित्रकलेचा आहे.

रानवाट
ताई, आधी बोट बाजूला ठेवा. चोळलं की रंगाचे कण कागदात दाबले जातात आणि पेस्टलची सगळी चमक त्या मोकळ्या कणांवरच असते. सँडेड पेपर घ्या, त्याला खरखर असते म्हणून थरावर थर बसतात. पहिला थर कडक खडूचा, तो ब्रशने अल्कोहोल लावून पसरवा, पूर्ण वाळू द्या, मग मऊ खडू नुसता टेकवत जा.
आणि तपकिरी रंगात तपकिरी शोधू नका. उन्हात उभ्या कुमैत घोड्याच्या पाठीवर आकाश उतरलेलं असतं, तिथे निळसर जांभळी रेघ ओढाच, आणि पोटाखाली जमिनीवरून उसळलेला उजेड असतो तो गेरू-केशरी. आयाळ, शेपूट आणि पायांचे खालचे भाग काळे असतात पण काळा खडू नको, गडद निळ्यावर गडद तपकिरी द्या, जिवंत दिसतं.

पागेतला
रंगाचं बरोबर आहे, पण मला वाटतं निम्मी झळाळी हाडामुळे येते. मागच्या पायाचा उलटा गुडघा वाटतो ना, तो खरं तर घोटा, गुडघा वर पोटापाशी. हे चुकलं की कितीही रंग लावा, घोडा उभाच राहत नाही. डोळ्याची बाहुली पण आडवी लांबट काढा, गोल काढली की माणसाचा डोळा वाटतो.
काऊबॉयांची चित्रं काढणारा अमेरिकन चित्रकार चार्ल्स रसेल १८८० साली, सोळाव्या वर्षी अमेरिकेतल्या मोंटानात गेला. पुढे रात्री गुरं राखायचं काम करायचा आणि दिवसा चित्रं. त्याचं माध्यम तेलरंग, जलरंग नि ब्राँझ, पण त्याचं ते घोड्यांकडे बघणं आपल्याला शिकायला हवं. पेस्टलसाठी फ्रेंच चित्रकार देगाचे शर्यतीचे घोडे बघा, रँच नाही पण एकावर एक मारलेल्या रेघा दिसतील. आणि दौडता घोडा काढाल तेव्हा छायाचित्रकार मायब्रिजचे दौडत्या घोड्याचे १८७८ चे फोटो समोर ठेवा, चारही खूर हवेत असतात तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. त्याआधीचे चित्रकार पुढेमागे ताणलेले काढायचे.

रानवाट
फिक्सेटिव्हचं राहिलंच. लावायचंच तर मधल्या थरांवर हलकं, शेवटच्यावर नाही. फ्रेम करताना काच आणि चित्रात फट ठेवा. आणि धूळ फुंकू नका हो, कागद मागून टिचकी मारून झाडा, काही पिगमेंट (रंगाची पूड) छातीला वाईट.

खडूची धूळ
जुना घोडा न चोळता परत काढला, नुसता खांदा. जांभळी रेघ ओढताना हात थरथरला पण ओढली, आणि खांद्याचा स्नायू एकदम वर आला! आता मागचे पाय काढते, घोट्यासकट.