युफोनियमवाल्याने ट्रॉम्बोन घ्यावा का? (राउल दे सौझा ऐकून विचारतोय)

बोरीकाठ, अमळनेर:
राम राम मंडळी. वडलांच्या बँडमध्ये सोळा वर्षं युफोनियम (पिस्टन दाबून वाजवायचं मोठं पितळी वाद्य) वाजवतोय. वैशाखात रोज वरात, रात्री ओठ सुजून येतात. यंदा चोपड्याहून परतताना भाच्याने मोबाइलवर ब्राझीलचा ट्रॉम्बोनवादक राउल दे सौझाचा 'स्वीट ल्यूसी' हा अल्बम लावला. मी गाडी बाजूला घ्यायला लावली. आमच्यात ट्रॉम्बोनवाला मागे राहून खर्ज धरतो. हा तर गात होता! नंतर वाचलं, हा रिओचा माणूस तिथल्याच बांगू भागातल्या कापड गिरणीच्या बँडमध्ये वाजवायचा. माझे आजोबा इथल्या प्रताप मिलमध्ये साच्यावर होते, म्हणून ते फार लागलं. वय ४१. सरकत्या नळीचा घेऊ की पिस्टनचा?

धुळेकर (पोलीस बँड, निवृत्त):
भाऊ, पिस्टनचाच घ्या. राउलही मुख्यतः तोच वाजवायचा. तुमचं युफोनियम बी-फ्लॅटचं असेल तर बोटं जशीच्या तशी चालतात. ट्रॉम्बोनची नळी मात्र बरीच लांबवर एकसारखी जाते, युफोनियमसारखी फुगत जात नाही. म्हणून आवाज उजळ आणि धारदार. पहिले पंधरा दिवस फक्त लांब सूर धरा, चाली नको. राउलने स्वतःसाठी चार पिस्टनचा, विजेवर चालणारा 'सौझाबोन'ही करून घेतला होता.

तापीकर:
'स्वीट ल्यूसी' १९७७चा, निर्मिती जॉर्ज ड्यूकची. त्यात फंक, म्हणजे ठेक्यावर जोर देणारं अमेरिकी नाचाचं संगीत, जास्त. तुम्ही आधी १९६५चा 'आ व्होन्ताजी मेझ्मू' ऐका, सांबा आणि जॅझ एकाच श्वासात. मग 'कलर्स' हा अल्बम: त्याची मांडणी ट्रॉम्बोनचा उस्ताद जे. जे. जॉन्सनची, सॅक्सोफोनवर कॅननबॉल अ‍ॅडरली. गिरणीच्या बँडमधला पोरगा तिथवर गेला! 'राउल' हे त्याचं जन्माचं नावही नव्हे. रेडिओवर संगीतकार आरी बारोझोने ते दिलं, आधीच्या नामवंत ट्रॉम्बोनवादक राउल दे बारुसवरून.
आणि सांबात सुर्दोचा, म्हणजे मोठ्या ढोलाचा, जोर दुसऱ्या मात्रेवर असतो. ढोलवाल्याला सोबत घ्या.

बोरीकाठ, अमळनेर:
काल ढोलवाल्याला गल्लीत बसवलं. पहिली थाप दाबून, दुसरी मोकळी. अर्धा तास हात परत वरातीच्या ठेक्यावर जायचा. मग बसलं. मी युफोनियमवरच चार सूर धरले, तर तो म्हणाला, "आते बरं वाजस, भो." जुना पिस्टनचा ट्रॉम्बोन धुळ्यात एकाकडे आहे, रविवारी बघायला जातोय. धुळेकर काका, सोबत याल का? पिस्टन अडकतात का ते तुम्हीच हाताने दाबून सांगा.