गोमांच्या जुन्या 'टाइप' नमुन्यांची नोंद कशी करावी?

प्राणिशास्त्र_जळगाव
कॉलेजच्या संग्रहालयातल्या गोमांच्या बरण्यांचं रजिस्टर नव्याने करतेय. एका बरणीवर नुसतं 'टाइप' (ज्यावरून जातीचं पहिलं वर्णन छापलं तो नमुना), स्थळ 'तोरणमाळ, प. खानदेश'. आत चार नमुने, स्पिरिट निम्म्यावर, शेवटचे तीन पाय सुटून तळाशी. जुनी लेबलं काढून छापील लावली तर चालतील का?

काचबरणी
जुनं लेबल काढू नका, ताई. फाटकं असलं तरी त्याच बरणीत राहू द्या, नवं त्याच्या सोबतीला. बरणी उघडण्याआधी लेबलाचे फोटो घ्या. नवं लेबल आम्लमुक्त सुती कागदावर, पेन्सिलीने किंवा स्पिरिटमध्ये न सुटणाऱ्या पिगमेंट शाईने. लेझर प्रिंटची अक्षरं कालांतराने सुटून तळाशी बसतात, बॉलपेन तर विरघळतंच.

स्थळाला दोन रकाने ठेवा: लेबलावर आहे तसं अक्षरशः, आणि आजचा अर्थ. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ ला नंदुरबार निघाला. तोरणमाळ लिहिलंय म्हणून नंदुरबार म्हणता येतं, नुसतं 'प. खानदेश' असेल तर जिल्हा ठरवू नका. नकाशावरून अक्षांश-रेखांश टाकलेच, तर किती किलोमीटरची अनिश्चितता तेही लिहा.

सातपुडा_भिंग
टाइप आहे की नाही हे लेबल ठरवत नाही, मूळ वर्णनाचा छापील लेख ठरवतो. तो मिळवा आणि लांबी, स्थळ, तारीख, संग्राहक एकेक जुळवा. नाव कधी छापलंच नसेल तर तो टाइप नाही. 'अप्रकाशित नाव' अशी नोंद करा, पण नमुना जपाच. जुन्या लेखात चारही नमुन्यांवरून वर्णन असेल आणि होलोटाइप (एकच ठरवलेला टाइप नमुना) नेमला नसेल, तर चारही सिनटाइप, म्हणजे सारख्या दर्जाचे टाइप. त्यातला धडधाकट निवडून रजिस्टरात होलोटाइप लिहिणं हे सर्वांत मोठं नुकसान, कारण पुढचा अभ्यासक त्यावर विश्वास ठेवतो. लेक्टोटाइप (सिनटाइपांतून नंतर निवडलेला एकच टाइप) नेमायचा तर तो प्रकाशित लेखातच.

जुळवताना शृंगिकांचे (मिशांचे) खंड डावे-उजवे वेगळे मोजा. सातव्या पायखंडावर श्वासरंध्र दिसलं तर ऱ्हायसिडा किंवा एथमोस्टिग्मस या गोमांच्या वंशांकडे वळा. स्कोलोपेंड्रा वंशात ते तिथे नसतं.

काचबरणी
सुटलेल्या पायांचं राहिलं. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही म्हणतात, पण नमुन्याच्या शेवटच्या पायावरचे काटेच जात ओळखायला लागतात. आकार आणि तुटलेली कड जुळली तरच पाय त्या नमुन्याच्या नळीत ठेवा. नाही जुळला तर कापसाचं बूच लावलेल्या वेगळ्या छोट्या नळीत, 'कोणाचा ते अनिश्चित' असं लिहून, त्याच बरणीत. डिंक नको. चारही नमुन्यांना स्वतंत्र नळ्या आणि क्रमांक द्या.

स्पिरिट_भुसावळ
पातळी उतरली म्हणजे अल्कोहोल आधी उडालंय, उरलेल्यात पाणी जास्त. वरून ७०% ओतून ते भरून निघत नाही. आधी अल्कोहोलमीटरने मोजा, तापमानाची दुरुस्ती धरून. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आकडा फसवा जास्त येतो. नवं मिश्रण: ९५% चे ७० मिली घेऊन पाण्याने एकूण ९५ मिली करा. उरलेलं फारच पातळ असेल तर एकदम ७०% मध्ये टाकू नका, ५०% वरून चढवा. थेट ९५% ओतलं की नमुना कडक होतो आणि पाय आणखी सुटतात. रबरी बुचं बदला. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून पातळी मार्चमध्ये आणि जूनमध्ये तपासा.