मदत हवी आहे: व्हेर्कोरमध्ये सायकलिंगसाठी शांत रस्ते

नमस्कार मंडळी, मी सध्या फ्रान्समध्ये लियोंला असतो, जूनमध्ये चार दिवस व्हेर्कोरच्या डोंगरात रोड बाईक घेऊन जायचं ठरतंय. प्लॅन असा की ट्रेनने वालांसला उतरायचं, सें-झां-आं-रोयांपर्यंत जायचं आणि तिथून कोंब लावाल दरीच्या कड्यात कोरलेल्या डी ७६ रस्त्याने कोल द ला माशीन (कोल म्हणजे खिंड, उंची १०११ मीटर) चढायचा, मग पठारावरून कोल द रुसेचा बोगदा पार करून खाली दी गावात. चढाचं टेन्शन नाही हो, गाड्यांचं आहे! मागच्या वेळी मोबाईलच्या नकाशाने सरळ ट्रकवाल्या हायवेवर नेऊन सोडलं, कानाजवळून ट्रक गेला की हँडल थरथरायचं, अर्ध्यातून परत आलो.

तर कोणी हा भाग केलाय का? रविवारी इथे मोटरसायकलींची जत्रा असते म्हणे, मग मधले वार धरू का? बोगद्यात लाईट किती पॉवरचा लागतो? आणि पठारावर पाण्याचं काय करता? स्मशानाच्या नळावर बाटली भरतात इथले सायकलवाले, मीही एकदा भरली, आईला अजून सांगितलेलं नाही 😄 दुपारी गावातली दुकानं बंद, त्यामुळे जेवणाचंही सांगा.