अनुभव धागा: वीस हजार लीग आणि आमचं खोलीचं गणित

मठ्ठ_मासा
परवा रत्नागिरीच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा बघून धाकटा म्हणाला, "हा बोटीला भोक पाडेल का गं?" आणि मला सातवीतली मे महिन्याची सुट्टी आठवली. मामाकडे माळ्यावर ज्यूल व्हर्नचं 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' सापडलं होतं. सुरुवातीची पानं वाळवीने खाल्लेली. म्हणजे सगळं जग ज्याला राक्षसी मासा समजतं, ती पाणबुडी आहे हे रहस्य मला कधी रहस्य म्हणून मिळालंच नाही, मी थेट नॉटिलसच्या पाठीवर!
त्यात माझी ठाम समजूत, की बोट वीस हजार लीग खोल जाते. मामाने पाटी घेतली. लीग म्हणजे ४ किलोमीटर, झाले ८०,०००. "पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार. तुझा कॅप्टन पलीकडून बाहेर पडून आभाळात गेला की गं!" ते अंतर आहे, पृथ्वीला दोन फेऱ्या होतील एवढं. आठवडाभर सगळे भाऊ मला 'खोल' म्हणत होते.
तुमचे घोळ सांगा.

बंदरवाली
सेम!! मी तर परीक्षेत लिहून आले होते 😭

अनु_फ्रेंचवाली
मूळ शीर्षकात 'समुद्र' अनेकवचनी आहे. ते वर्गात कळलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. अनेक समुद्रांखालून एवढा प्रवास. इंग्रजीत त्याचं एकवचन झालं आणि आपण सगळे बुडलो. शिवाय १८७०च्या दशकातल्या गाजलेल्या इंग्रजी भाषांतरात जवळजवळ पाव पुस्तक कापलंय. कंटाळा आलेल्यांनो, तुमचा दोष नाही.

शेवंती
कापलेलं बरं. तो प्रोफेसरांचा नोकर काँसेय माशांचं वर्गीकरण सुरू करायचा की मी चार पानं उलटायचे. वर्ग, गण, कुळ, अरे बाबा तळायचा कसा ते सांग

तिरकस
जेवणाचं नाव काढलंत म्हणून. देवमाशाच्या दुधाची साय, समुद्री शेवाळाची साखर, समुद्रफुलाचा मुरंबा. आमच्या शाकाहारी आईला हे वाचून दाखवलं तर तिने पुस्तकच देवघरापासून लांब ठेवायला लावलं.

जुना_खलाशी
नॉटिलसवर १२,००० पुस्तकं आणि ऑर्गन. विशाखापट्टणमला किनाऱ्यावर ठेवलेली कुरसुरा पाणबुडी बघून या. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यायचं. माझं गेलं नाही.

मीनल_क
मला दमा आहे. दक्षिण ध्रुवाजवळ ते बर्फाखाली अडकतात, हवा संपत येते, ते प्रकरण रात्री एकटीने वाचलं. इनहेलर मुठीत धरून. बाकी काही आठवत नाही, ते आठवतं.

मठ्ठ_मासा
मीनल 🫂

बुंदेली_सून
कोणीच कसं लिहिलं नाही, नॉटिलसचा कॅप्टन निमो आपला! सिलोनजवळ मोती काढणाऱ्या गरीब पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो, वर मोत्यांची पिशवी देतो, आणि म्हणतो मीही त्याच पिचलेल्या देशाचा. शाळेत असताना वाटलं, बोलायची पद्धत. पुढे 'मिस्टिरियस आयलंड' वाचलं तेव्हा कळलं, हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ला लढलेला. माझं सासर झाशीचं, सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग पाण्यात का बसला, इथे यायचं होतं."

तिरकस
स्पॉयलर!!

बुंदेली_सून
दीडशे वर्षं झाली भाऊ

अनु_फ्रेंचवाली
आधी तो पोलंडचा होणार होता, रशियाचा सूड घेणारा. प्रकाशक एत्झेलने हात आखडला, रशियातलं गिऱ्हाईक जाईल म्हणून. त्यामुळे पहिल्या पुस्तकात तो कोणाचाच नाही. निमो म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणी नाही'.

तिरकस
सासूबाईंचा मुद्दा मात्र बिनतोड

शेवंती
मंडळी, कुकरची तिसरी शिट्टी झाली, पळते. रत्नागिरीत सुरमई काय भावाने होती ते मात्र सांगा कोणीतरी

मठ्ठ_मासा
विचारू नकोस. बांगडे आणले.