हीट पंप बसवला, बिल मात्र उतरेना. काय चुकतंय?

पोरसातला: म्हार्दोळला घर, माणसं सहा. दीड वर्षापूर्वी दोन गीझर काढून 200 लिटरचा हीट पंप बसवला. वीज तिसऱ्या हिश्श्यावर येईल असं विकणारा म्हणाला होता. शेवटी सबमीटर लावून पाहिलं, तर दिवसाला 6 युनिट जातात! सेटिंग 65, चोवीस तास चालू. पावसात भिजू नये म्हणून यंत्र न्हाणीमागच्या कोठीत ठेवलंय. काही सुचवा.

जुना_वायरमन: 65 कशाला? कोंबडा सोलायचाय का? अंगावर घेताना आपण ते 40 पर्यंत उतरवतोच. हीट पंप हवेतली उष्णता उपसून टाकीत भरतो. जेवढं वर चढवाल तेवढा कंप्रेसरला दम लागणार. त्यात बऱ्याच घरगुती यंत्रांत 55-60 च्या पुढे टाकीतली विजेची कॉइल लागते, म्हणजे तुम्ही पुन्हा गीझरच चालवताय. 50 वर आणा आणि कॉइलचं ऑटो बंद करा.

हिशेब सांगतो. 200 लिटर पाणी 27 वरून 50 ला न्यायला सव्वापाच युनिटांच्या वर उष्णता लागते. गीझर तेवढी वीज खाणारच. पंपाने एका युनिट विजेला तीन-साडेतीन युनिट उष्णता दिली तर दीड-पावणेदोन युनिटांत काम होतं.

सुरंगी: दादा, सेटिंग राहू दे, आधी कोठीचं बघा. यंत्र थंड हवा सोडतं; दार बंद असेल तर तीच परत ओढतं. मग उष्णता आणायची कुठून? आमचं असंच होतं. भिंतीबाहेर छपराखाली घेतलं, पुढे मोकळं ठेवलं, तेव्हा फरक पडला. खालून पाणी ठिबकलं तर घाबरू नका, हवेतला दमटपणा आहे तो.

आम्ही कोलव्याला, खारा वारा. यंत्र जिथून हवा ओढतं तिथल्या पात्यांवर पांढरा थर चढतो. वीज बंद करून महिन्यातून एकदा साध्या पाण्याने हलक्या हाताने धुते.

भाणवाला: आमच्या आजीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण आणि खाली माडाची चुडतं. बिल शून्य.

सुरंगी: आणि धूर कोणी खाल्ला, आजीने!

जुना_वायरमन: टायमर राहिलाच. दुपारी 12 ते 4 लावा, हवा तापलेली असते. टाकी नीट इन्सुलेटेड असेल तर सकाळपर्यंत पाणी फार निवत नाही. निवतात ते उघडे पाईप, त्यांना फोमची नळी घाला. आठवड्यातून एकदा मात्र 60 पर्यंत जाऊ द्या, त्या दिवशी कॉइल लागली तरी चालेल. कोमट टाकीत लिजिओनेला जिवाणू वाढतो.

पोरसातला: तीन आठवड्यांनी लिहितोय. यंत्र बाहेर काढलं, 50 आणि दुपारचा टायमर. सबमीटर 2.3 वर आला. बायको म्हणते, पाणी पहिल्यासारखंच आहे. आता एकच धास्ती: चतुर्थीला घरात पंधरा माणसं.

जुना_वायरमन: टाकी पुन्हा भरून तापायला तीन-चार तास धरा. तेवढे दिवस पहाटेचीही एक वेळ लावा. आणि मुंबईच्या पुतण्यांना न्हाणीत शेवटी पाठवा.