जुन्या इंग्रजी कादंबरीतलं मन मराठीत कसं आणावं? सल्ला हवा आहे

जुनी_वही

नमस्कार मंडळी. जेन ऑस्टिनची 'पर्स्वेजन' मराठीत करायला घेतली आहे. छापायचा विचार नाही. आईला इंग्रजी वाचता येत नाही आणि ही गोष्ट तिला आवडेल याची मला खात्री आहे, म्हणून रोज रात्री दोन-तीन पानं करते आणि रविवारी तिला वाचून दाखवते. सहा प्रकरणं झाली, सातव्यात अडकले.

प्रसंग असा. ॲननं मोठ्यांचं ऐकून कॅप्टन वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडलं, त्याला आता जवळजवळ आठ वर्षं झालीत. एका सकाळी तो तिच्या बहिणीच्या घरी दोन मिनिटं डोकावतो. नजरा अर्ध्याच मिळतात, नमस्कार होतो, खोली माणसांनी आणि आवाजांनी भरून गेल्यासारखी वाटते आणि तो निघूनही जातो. मग ती स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत राहते, की झालं, एकदाचं झालं.

मी लिहिलं होतं, "ॲनच्या मनात असंख्य भावनांचा कल्लोळ उसळला. तिला प्रचंड मानसिक अस्वस्थतेची जाणीव झाली." आई म्हणाली, "हे डॉक्टरांच्या कागदासारखं वाटतंय गं. तिला झालं काय, ते सांग ना."

आईचं बरोबर आहे, पण मूळ वाक्यातही भावना हाच शब्द आहे. अशा जागा कशा सोडवायच्या? आणि त्या काळचे लेखक मनाबद्दल कसं लिहीत हे समजायला आणखी काय वाचू?

उंबरठा

ताई, आधी ती नामं मोडा. त्या काळच्या इंग्रजीत भावना ही वस्तूसारखी येते. ती माणसाजवळ असते, वाढते, आवरली जाते. मराठीत ती माणसाला *होते*. तिला लाज वाटली, तिला भरून आलं, तिला काही सुचेना. यातला 'तिला' हा तुमचा सगळ्यात मोठा आधार आहे.

नववं प्रकरण येईल तेव्हा बघा. ॲन आजारी भाच्यापाशी गुडघे टेकून बसली आहे आणि दोन वर्षांचा धाकटा तिच्या पाठीवर चढून गळ्याला मिठी मारून बसलाय. तेवढ्यात कुणीतरी त्याला मागून अलगद उचलतं. ते वेंटवर्थनं केलं हे तिला तो बाजूला झाल्यावर कळतं. मुळात म्हटलंय की त्या वेळच्या तिच्या संवेदनांनी ती निःशब्द झाली. मी तिथे एवढंच लिहीन, "तिला बोलवेना. साधे आभारही मानवेनात." *बोलवेना, बसवेना, बघवेना* ही रूपं आपल्या भाषेत याच कामासाठी आहेत. ती असताना 'निःशब्द' कशाला?

दुसरी गोष्ट, *आपण*. सातव्या प्रकरणात तो गेल्यावर एक प्रश्न येतो, की त्याच्या मनातलं आता कसं ओळखायचं, त्याला तिला टाळायचं होतं का? तिथे 'ती विचार करू लागली' असं कुठेही नाही. वाक्य निवेदिकेचं आहे, पण आतला आवाज ॲनचा. इंग्रजीत तिथे 'ती'च राहते. मराठीत 'ती' ठेवलं तर बाई दाराबाहेर उभी राहून बोलते आहे असं वाटतं. "आपल्याला टाळायचं म्हणून तो असा वागला का?" असं केलंत की आपण थेट तिच्या डोक्यात. पुढच्याच वाक्यात मात्र निवेदिका परत येते, तिथे 'तिला' करा: "आणि असा प्रश्न सुचलाच कसा म्हणून तिला स्वतःचाच राग आला."

हा बदल कुठे होतो ते पेन्सिलीनं खूण करत वाचा. ऑस्टिनबाईंचं निम्मं कसब तिथे आहे.

पाणपोई

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी फक्त शब्दांबद्दल लिहिते, कारण माझी फसगत तिथे झाली होती.

मनाचे जुने इंग्रजी शब्द ओळखीचे वाटतात, पण पुष्कळांचा अर्थ सरकलेला आहे. 'सेन्सिबल' म्हणजे अनेकदा समंजस नव्हे, तर एखाद्या गोष्टीची जाण असलेला. 'कँडर' म्हणजे आजच्यासारखा सडेतोडपणा नव्हे. दुसऱ्याबद्दल चांगलंच धरून चालणं, असा अर्थ तेव्हा होता. ऑस्टिनच्याच 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एलिझाबेथ थोरल्या बहिणीचा, जेनचा, हा गुण सांगते तिथे 'स्पष्टवक्तेपणा' लिहिलात तर त्या बहिणीचा स्वभावच उलटा होईल. 'नर्व्हस'ची गंमत आणखी मोठी. डॉ. जॉन्सनच्या 1755च्या कोशात त्याचा पहिला अर्थ बळकट, पिळदार असा आहे, आणि मज्जा दुबळ्या असलेला हा अर्थ तो वैद्यांची बोली म्हणून शेवटी देतो. ऑस्टिनच्या वेळेपर्यंत हाच दुसरा अर्थ रुळला होता.

'स्पिरिट्स' सगळीकडे भेटेल. त्याचं मूळ शरीरात आहे, नसांमधून फिरणारं सूक्ष्म द्रव्य अशी जुनी कल्पना. 'मेलँकली', म्हणजे उदासी, हीही मुळात काळं पित्त. वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला हे परकं वाटत नाही. त्यामुळे 'तिची मनःस्थिती उत्तम होती' याऐवजी 'ती उल्हासात होती' किंवा 'तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं' असं बिनधास्त लिहा.

दोन कोश जवळ ठेवा. एक जॉन्सनचा. दुसरा मोल्सवर्थनं सुरू केलेला आणि कँडीनं पुरा केलेला 1847चा इंग्रजी-मराठी कोश. ऑस्टिननंतर तीसेक वर्षांत कुणीतरी याच शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधत बसलं होतं, हे बघूनच मला हुरूप येतो.

मधली_सुट्टी

वाचनाबद्दल. सगळं क्रमानं वाचायची गरज नाही, हे तुकडे पुरेत. 'रॉबिन्सन क्रूसो'मध्ये (1719) तो बेटावर एकटा असताना आपल्या दुःखाची आणि सुदैवाची जमाखर्चासारखी दोन रकान्यांत यादी करतो. मन मांडायची ती पद्धत व्यापाऱ्याची. 'पॅमेला'त (1740) मुलगी पत्रं लिहिते आणि प्रसंग घडत असतानाच धडधडत लिहिते. मग ऑस्टिन.

त्यानंतर 'मिडलमार्च'चं विसावं प्रकरण, माझं सगळ्यात लाडकं. डोरोथिया मधुचंद्राला रोममध्ये आहे आणि एकटी बसून रडते आहे. का, ते तिलाही नीट सांगता येत नाही. नवऱ्यानं काही वाईट केलेलं नाही. लेखिका जॉर्ज इलियट दुःखाला नावच देत नाही, ती रोम दाखवते. तिथल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये नाताळासाठी टांगलेलं लाल कापड डोळ्याच्या पडद्याला आजार व्हावा तसं सगळीकडे पसरत जातं. इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आणि हेन्री जेम्सच्या 'द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी'चं बेचाळिसावं. इझाबेल विझत्या शेकोटीपाशी पहाटे चारपर्यंत बसते. घडत काहीच नाही, फक्त विचार. पुढे प्रस्तावनेत जेम्सनं स्वतःच हे पुस्तकातलं सर्वोत्तम म्हटलंय.

शेवंती

ॲनसाठी 'काळजात लक्कन हललं' कसं वाटेल? अस्सल मराठी आहे.

उंबरठा

शेवंतीताई, वाक्प्रचार सुरेख आहे, पण मी ॲनला देणार नाही. ती सगळं आत ठेवणारी बाई आहे, आणि शेजारी तिची बहीण बारीकसारीक दुखण्याचा गाजावाजा करते. ठेवणीतले वाक्प्रचार त्या मेरीला द्या. ॲनला साधी, तुटक वाक्यं. दोघींमधला फरक असाच उभा राहील.

जुनी_वही

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! काल रात्री पुन्हा बसले.

"नजर अर्धीच मिळाली. नमस्कार झाला. त्याचा आवाज कानावर पडला, तो मेरीशी बोलत होता. खोली भरून गेल्यासारखी वाटली, माणसांनी, आवाजांनी. आणि मग सगळे गेले. झालं. झालं एकदाचं, ती स्वतःशी म्हणत राहिली."

आईला फोनवर वाचून दाखवलं. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "पुढचं वाच."

अजून एक अडचण. तेविसाव्या प्रकरणात वेंटवर्थ तिला पत्र लिहितो. इंग्रजीत सगळीकडे 'यू'. मी संपूर्ण पुस्तकात त्यांना एकमेकांशी 'तुम्ही' बोलायला लावलंय. पत्रात 'तू' करू का?

पाणपोई

करा. जवळजवळ सगळं पुस्तक ॲनच्या डोळ्यांनी दिसतं. त्याच्या मनात आपण थेट शिरतो ते सातव्या प्रकरणाच्या शेवटी, थोड्या वेळासाठी, आणि तिथे कळतं की त्यानं तिला माफ केलेलं नाही. त्यानंतर त्याचं मन उघडतं ते या पत्रातच. तेही ती त्याच खोलीत दुसऱ्या कुणाशी बोलत असताना, ते ऐकत ऐकत तो लिहितोय.

उंबरठा

मी पहिल्या ओळीपासून 'तू' करणार नाही. तो घाईत, लपून लिहितोय. 'तुम्ही'नं सुरू करू दे, आणि आठ वर्षांपूर्वी तिनं त्याचं मन मोडलं होतं त्या वाक्याशी आला की 'तू' येऊ दे. एकदा आलं की परत 'तुम्ही' नको.

जुनी_वही

हो, त्या वाक्यापाशीच. तिथवर पोचायला अजून सोळा प्रकरणं आहेत, पण ती ओळ मी आजच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते.