जुन्या रेकॉर्ड खरोखर दुर्मिळ आहेत का, हे कसे ओळखावे? (बेळगाव)

शहापूरकर: नमस्कार. खडेबाजारातील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात रेकॉर्डचा गठ्ठा आला आहे. त्यात हिंदी चित्रपटगीतांच्या एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या प्लास्टिकच्या रेकॉर्ड), शास्त्रीय गायनाच्या दोन एलपी आणि लाखेच्या काही तबकड्या असून एका तबकडीच्या लेबलावर ‘गांधारी’ असे नाव आहे. दुकानदार सारे काही दुर्मिळ असल्याचे सांगून १२,००० रुपये मागतो. माझी मर्यादा ४,००० रुपयांची आहे. यातले खरोखर दुर्मिळ काय, हे कशावरून ठरवावे?

निपाणीकर: चार हजारांत आता काहीही मिळत नाही. मी कोल्हापुरात चित्रपटगीतांचा असाच गठ्ठा घेतला आणि आज कोणी दुप्पट पैसे दिले तरी मी तो सोडणार नाही. सगळा गठ्ठा उचला.

खानापूरचा श्रोता: निपाणीकरांचे म्हणणे मला पटत नाही. गाजलेल्या चित्रपटांच्या एलपी मोठ्या संख्येने निघाल्या आणि अनेक वर्षे पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या. त्यामुळे जुनी म्हणजे दुर्मिळ, हे समीकरणच चुकीचे आहे. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (रेकॉर्ड ज्या साच्यातून छापली त्याचा क्रमांक) वाचावा, लेबलाची छपाई पाहावी आणि त्यावरून ती आवृत्ती पहिली की नंतरची, हे ताडून पाहावे. डिस्कॉग्जसारख्या रेकॉर्ड खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर विक्रेत्याने मागितलेली किंमत बाजूला ठेवून प्रत्यक्ष विक्री कितीला झाली तेवढेच बघावे.

टिळकवाडी: कव्हरवरचा आणि लेबलवरचा क्रमांकही जुळतो का ते पाहा. परगावच्या एका विक्रेत्याने मला जुन्या कव्हरात नंतरच्या छपाईची एलपी घालून दिली आणि पैसे परत करायला साफ नकार दिला. आपल्याकडच्या पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, त्यामुळे कोरे करकरीत कव्हर दिसले तर अधिकच चौकशी करा.

सुळेभावी रस्ता: कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली आमच्या सुळेभावीत झाला. त्यांची जुनी तबकडी त्या गठ्ठ्यात असेल, तर ती बेळगावातच राहिली पाहिजे, किंमत कितीही असो.

खानापूरचा श्रोता: आदर आहेच, पण कलाकाराच्या जन्मगावावरून तबकडीची दुर्मिळता ठरत नाही. ती किती प्रती उरल्या आहेत आणि किती जण ती शोधत आहेत, यावर ठरते.

धारवाडची वाचक: मूळ प्रश्नाकडे वळते. गंगूबाई हंगल यांच्या सुरुवातीच्या काही तबकड्यांवर ‘गांधारी’ असेच नाव छापलेले आहे, तेव्हा ती तबकडी नीट पाहण्याजोगी आहे. मात्र अशा लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या पाश्चात्त्य देशांत बंद झाल्यावरही भारतात बराच काळ निघत होत्या, म्हणून केवळ लाखेची आहे यावरून निष्कर्ष काढू नये. तबकडी उजेडात तिरकी धरून चरे पाहा आणि काठावरून मध्याकडे गेलेली केसाएवढी भेग आहे का तेही तपासा. अशी भेग असली की प्रत्येक फेरीला ‘टक्’ असा आवाज येतो आणि किंमत निम्म्याहूनही खाली येते. पुसण्यासाठी स्पिरिट अजिबात वापरू नका, कारण त्यात लाख विरघळते. ७८ च्या खाचा रुंद असतात, त्यामुळे त्यांना वेगळी सुई लागते. एलपीच्या सुईने वाजवून तबकडीची पारख करू नका.

निपाणीकर: मी तेच म्हणतो, संपूर्ण गठ्ठा घ्या. पुढे भाव वाढतीलच.

टिळकवाडी: शास्त्रीय गायनाच्या दोन एलपी तरी नक्की घ्या. क्रमांक जुळवून मगच.

शहापूरकर: सर्वांचे मनापासून आभार. आज दुकानात जाऊन पाहिले. शास्त्रीय गायनाच्या दोन्ही एलपींचे क्रमांक कव्हराशी जुळतात, पण त्या नंतरच्या छपाईच्या निघाल्या. ‘गांधारी’ तबकडीला काठाशी भेग आहे, त्यामुळे आपल्या सर्वांच्या हिशेबाने ती पडती वस्तू ठरते. तरीही मी घासाघीस करून १,८०० रुपयांना तेवढीच एक घेतली, कारण भेग पहिल्या काही खाचांपुरतीच आहे आणि त्यापुढचे गायन मला ऐकायचे आहे. बाकीचा गठ्ठा अजून दुकानातच आहे. निपाणीकरांना हवा असल्यास त्यांनी जरूर यावे.